पोलाद कापणारी गोल करवत

दिवाळी सरली कीं अकोटच्या रस्त्यांवर दोन गोष्टी एकाच वेळीं नजरेस पडूं लागतात. एक म्हणजे कपाशीनें शिगोशीग भरलेलीं वाहनें. तीं बाजारांतून जिनिंग कारखान्यांकडे चाललेलीं असतात, आणि त्यांच्या मागें वाऱ्यावर उडणारे पांढरे पुंजके रस्त्याकडेच्या बाभळींना अडकून राहतात. दुसरी गोष्ट म्हणजे वेल्डिंगच्या दुकानांतील धांदल. पीक हातीं येऊन चार पैसे दिसूं लागले, म्हणजे कोणास ट्रॅक्टरची ट्रॉली दुरुस्त करून हवी असते, कोणास गोठ्यावर पत्रे घालावयाचे असतात, तर कोणाच्या नव्या घराला फाटक आणि खिडक्यांना जाळ्या हव्या असतात. मग त्या दुकानांतून लोखंड कापण्याचा कर्कश आवाज निघतो आणि त्याबरोबर ठिणग्यांचा एक नारिंगी फवारा रस्त्याकडे उडतो. येणारे-जाणारे डोळ्यांवर हात धरून पुढें जातात. कापूस आणि ठिणगी यांचें हें शेजारपण इतकें अंगवळणीं पडलेलें असतें कीं त्यांत कांहीं विचार करण्यासारखें आहे, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

वस्तुतः विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. ठिणग्यांचा तो फवारा म्हणजे लोखंड कापण्याच्या क्रियेचा अटळ भाग नव्हे. तो एका विशिष्ट साधनाचा परिणाम आहे. साधन बदललें तर तो फवारा बहुतांशीं नाहींसा होतो, काप सरळ येतो आणि कारागिराच्या डोळ्यांवरील संकट पुष्कळ कमी होतें. हें दुसरें साधन म्हणजे दांते असलेली, पोलाद कापणारी गोल करवत. मात्र ती निवडण्यास आणि चालविण्यास थोडें ज्ञान लागतें, आणि अर्धवट ज्ञानानें वापरल्यास तीच करवत ठिणगीहून घातक ठरते. म्हणून तिची ओळख कारागिरास जितकी हवी, तितकीच त्याच्याकडून काम करवून घेणाऱ्या गृहस्थासहि हवी.

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या या भागाचा लोखंडाशीं संबंध जुना आहे. वखराची पास, डवरा, तिफणीचे फण, बैलगाडीच्या चाकाची धाव हीं सारीं कामें लोहार आपल्या भट्टीवर करीत असे. लोखंड तापवावयाचें आणि ऐरणीवर धरून छिन्नीनें व घणाच्या घावानें तोडावयाचें, ही त्याची रीत. १८५३ सालीं वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळें हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकीं मागणी आली, आणि १८६७ मध्यें वऱ्हाडांतून जाणारी रेल्वे नागपुरास पोंचली. पुढें जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने निघाले. त्यांचे लोखंडी खांब, कैच्या आणि पत्र्यांचीं छपरें वऱ्हाडांत जागोजाग उभीं राहिलीं. छिन्नीनें तोडलेला तुकडा वखराला चालत असे, परंतु छपराच्या कैचीला मापाचा आणि काटकोनी तुकडा लागतो. म्हणून छिन्नीच्या शेजारीं हातकरवत आली आणि वीज आल्यावर तिच्या जागीं फिरती चकती आली.

आजच्या दुकानांत ‘कटर’ या एकाच नांवाखालीं तीन निरनिराळीं यंत्रें मोडतात. त्यांतील भेद ध्यानांत न घेणें हेंच बहुतेक अपघातांचें आणि वायां गेलेल्या पैशाचें मूळ असतें.

पहिलें यंत्र सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याच्या चकतीला दांते नसतात. कठीण पदार्थाचे बारीक कण राळेच्या लुकणानें एकत्र बांधून आणि आंत काचतंतूंची जाळी घालून ती बनविलेली असते. अमेरिकेंतील एडवर्ड अ‍ॅचेसन यानें १८९१ मध्यें कार्बोरंडम हा कृत्रिम घर्षक पदार्थ तयार केला, तेव्हांपासून अशा चकत्यांना मोठी चालना मिळाली. पोलादासाठीं मात्र मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचें ऑक्साइड वापरतात. ३५५ मिलिमीटर, म्हणजे १४ इंच, व्यासाची अशी चकती मिनिटास सुमारें ३,८०० फेरे घेते. तिच्या कडेचा वेग सेकंदास सुमारें ७० मीटर, म्हणजे ताशीं अडीचशें किलोमीटर, इतका पडतो. या वेगानें घासला गेलेला लोखंडाचा प्रत्येक कण तापून लाल होतो आणि हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून जळूं लागतो. ठिणगी म्हणतात ती हीच. चकती लोखंडाबरोबर स्वतःहि झिजत जाते. ती लहान झाली कीं तिच्या कडेचा वेग घटतो आणि काम रेंगाळूं लागतें.

दुसरें यंत्र याच्या अगदीं उलट स्वभावाचें आहे. टेलर आणि व्हाइट या दोघांनीं अमेरिकेंत बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत सिद्ध केलेलें ‘हायस्पीड’ पोलाद १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत जगापुढें आलें. तापून लाल झालें तरी धार न सोडणारें असें हें पोलाद. त्याच्या दांतेरी पात्यानें साधें पोलाद कापतांना पात्याचा वेग फारच मंद ठेवतात. ३१५ मिलिमीटरचें पातें मिनिटास सुमारें ३० फेरे घेतें, आणि त्यावर तेलमिश्रित दुधाळ पाण्याची धार सतत सोडलेली असते. दांत्याचा वेग माणसाच्या सावकाश चालण्याहूनहि कमी, म्हणून ठिणगी जवळजवळ नाहीं, काप आरशासारखा, आणि कडा थंड. परंतु हें यंत्र जड, महाग आणि एका जागीं बसवावयाचें असल्यामुळें तें मोठ्या कारखान्यांतच शोभतें.

तिसरें यंत्र या दोहोंच्या मधलें आहे आणि लहान दुकानाला तेंच विशेष उपयोगी. जर्मनींत १९२३ च्या सुमारास कार्ल श्रोटर यानें टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टच्या लुकणानें जोडून एक अत्यंत कठीण पदार्थ तयार केला. क्रुप कंपनीनें तो ‘विडिया’, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’, या नांवानें बाजारांत आणला. याच पदार्थाचे लहान लहान दांते साध्या पोलादाच्या पात्याच्या कडेला झाळून बसविले कीं कोरडें कापणारी गोल करवत तयार होते. ३५५ मिलिमीटरचें असें पातें मिनिटास सुमारें १,३०० फेरे घेतें. कडेचा वेग सेकंदास २४ मीटर, म्हणजे घर्षक चकतीच्या सुमारें एक-तृतीयांश. दांता लोखंडाचा कीस काढतो आणि निर्माण झालेल्या उष्णतेचा मोठा भाग त्या किसाबरोबर बाहेर टाकला जातो. त्यामुळें कापलेला पाइप फारसा तापत नाहीं, त्याची कडा निळी पडत नाहीं आणि तिच्यावर खरखर फार थोडी उरते. ठिणग्या अगदींच उडत नाहींत असें नव्हे. परंतु फवाऱ्याच्या जागीं चार-दोन तुरळक ठिणग्या आणि खालीं पडणारा गरम कीस, इतकाच प्रकार राहतो.

आतां निवडीचा प्रश्न. समजा, अकोटजवळच्या एका शेतकरी कुटुंबास २० फूट रुंदीचें पत्र्याचें गोदाम बांधावयाचें आहे. त्यासाठीं चार कैच्या लागतील, आणि प्रत्येक कैचींत लहानमोठे डझनभर तुकडे असतील. ते तुकडे बसावयाचे ते कोनांत. घर्षक चकती दाबाखालीं किंचित वांकते आणि काप तिरका जातो. मग दोन तुकड्यांमध्यें फट राहते आणि वेल्डर ती फट वेल्डिंगच्या सळईनें भरून काढतो. वरून रंग बसला कीं सांधा भक्कम दिसतो, परंतु भरून काढलेल्या जाड वेल्डिंगच्या उष्णतेनें कैची वांकडी होते आणि आंतील जोड पोकळ राहण्याचा संभव वाढतो. वैशाखांत वळवाच्या पावसाआधीं जी वावटळ सुटते, ती छपराखालीं शिरून पत्रे वर उचलूं पाहते. त्या वेळीं सगळा भार याच सांध्यांवर येतो. सरळ काप ही केवळ शोभेची बाब नाहीं, ती अशी छपराच्या जिवाशीं बांधलेली आहे.

परंतु दांतेरी करवत घेण्यापूर्वीं आपल्याकडे कोणतें लोखंड येतें, हें दुकानदारानें पाहिलें पाहिजे. अँगल, चॅनल, पट्टी आणि चौकोनी पाइप हीं बहुधा मऊ पोलादाचीं असतात. इमारतीच्या साध्या पोलादासाठीं आय. एस. २०६२ हें भारतीय मानक आहे. त्यांतील सर्वसाधारण प्रतीच्या पोलादांत कार्बनाचें प्रमाण पाव टक्क्याहून कमी असतें. हें पोलाद कार्बाइडचे दांते सुखानें कापतात. उलट, स्लॅबमध्यें घालावयाची टीएमटी सळई तयार करतांना तिच्यावर पाण्याचा मारा करून तिचें बाहेरचें कवच मुद्दाम कठीण केलेलें असतें. ट्रकच्या कमानीचा पाटा तर कडक पाणी दिलेला असतो, आणि ऐरण म्हणून दुकानांत ठेवलेला रुळाचा तुकडाहि साध्या पोलादाहून बराच कठीण असतो. कार्बाइड कठीण आहे, पण ठिसूळहि आहे. अशा मालावर त्याचे दांते चटकन तुटतात. तें काम घर्षक चकतीकडेच सोंपविणें शहाणपणाचें. म्हणून चांगल्या दुकानांत दोन्हीं यंत्रें असतात आणि कोणता माल कोठें न्यावयाचा हें ठरलेलें असतें.

त्यानंतर दांत्यांची संख्या. हातकरवतीचा जुना नियम येथें मार्ग दाखवितो. हातकरवतीच्या पात्यावर इंचास १८, २४ किंवा ३२ दांते असतात, आणि पत्रा जितका पातळ तितके दांते बारीक घ्यावे, असें प्रत्येक शिकाऊ कारागिरास प्रथम सांगतात. कारण मोठा दांता पातळ पत्र्यांत अडकतो आणि मोडतो. गोल करवतीचेंहि तसेंच आहे. ३५५ मिलिमीटरच्या पात्यावर साधारण ६६ पासून ९० पर्यंत दांते असतात. खिडकीच्या जाळीचा दोन मिलिमीटर जाडीचा पाइप कापावयाचा असेल तर ८० ते ९० दांत्यांचें पातें घ्यावें. जाड अँगल किंवा भरीव गज असेल तर ६६ ते ७२ दांत्यांचें. भरीव लोखंडांत कीस पुष्कळ निघतो आणि तो मावण्यास दोन दांत्यांमध्यें मोकळी जागा लागते.

तिसरी गोष्ट विजेची. २,००० वॅटच्या मोटरीस २३० व्होल्टवर सुमारें ९ अँपिअर प्रवाह लागतो आणि सुरू होतांना त्याच्या कितीतरी पट. खेड्यांतील ओढाळलेल्या वाहिनीवर, त्यांतून बारीक तारेचें लांबलचक एक्स्टेन्शन लावून यंत्र चालविलें, तर दाब उतरतो, पातें कापांत मंदावतें, दांते घासूं लागतात आणि मोटर तापते. अशा वेळीं दोष पात्याला दिला जातो. खरा दोषी तारेचा असतो.

राहिली किंमत. दांतेरी पातें घर्षक चकतीच्या कित्येक पट महाग असतें, आणि पुष्कळ दुकानदार तेथेंच थबकतात. परंतु हिशेब पात्याच्या किंमतीचा न करतां एका कापाच्या किंमतीचा करावा. एक चकती किती काप देऊन संपते, आणि एक पातें पुन्हां धार लावण्यापूर्वीं किती काप देतें, हें वहींत मांडून पाहावें. त्यांत कापलेल्या कडेची खरखर घासण्यांत गेलेला वेळ आणि फटी भरण्यांत गेलेल्या वेल्डिंगच्या सळया मिळवाव्या. जो महिन्यांतून चार-दोन काप करतो, त्यास चकतीच परवडेल. जो रोज चाळीस-पन्नास काप करतो, त्यास हा हिशेब बहुधा दुसरेंच उत्तर देईल.

करवत घेतली म्हणजे ती चालविण्याची रीत आली. माल शिकंज्यांत घट्ट धरला पाहिजे. तो तसूभर हलला तरी दांता तुटतो. अँगल उपडा, म्हणजे त्याची पाठ वर आणि दोन्हीं पाय खालीं अशा रीतीनें ठेवावा. त्यामुळें पात्यापुढें सर्वत्र सारखी जाडी येते. सहा मीटर लांबीच्या पाइपाचें दुसरें टोक त्याच उंचीच्या घोड्यावर टेकलेलें असावें. मात्र कापून वेगळा होणारा तुकडा मोकळा राहिला पाहिजे. तो दोन्हीं बाजूंनीं दाबला गेला तर कापाच्या शेवटीं पातें त्यांत आवळलें जातें आणि यंत्र उसळतें. पातें लोखंडावर टेकवून यंत्र सुरू करूं नये. पूर्ण वेग आल्यावर तें हळुवार टेकवावें, दांत्यांनीं जागा धरली कीं एकसारखा दाब द्यावा, आणि काप संपतांना हात पुन्हां हलका करावा. किसाकडे लक्ष असावें. कीस स्वच्छ आणि वळलेला पडत असेल तर सर्व ठीक. तो निळा पडूं लागला, किंवा किसाऐवजीं ठिणग्याच वाढल्या, म्हणजे धार गेली असें समजावें. खाली सांठलेला कीस हातानें कधींहि झाडूं नये; तो गरम असतो आणि सुरीसारखा कापतो.

यापुढची गोष्ट मात्र केवळ कौशल्याची राहत नाहीं. ती हातापायांची आणि जिवाची आहे. घर्षक चकतीचें यंत्र आणि दांतेरी करवतीचें यंत्र बाहेरून जवळजवळ सारखीं दिसतात. चकती आणि पातें दोन्हीं १४ इंची असतात. यामुळें महाग यंत्र घेण्याऐवजीं नुसतें दांतेरी पातें आणून जुन्या यंत्रावर चढविण्याचा मोह होतो. तो मोह प्राणघातक आहे. १,३०० फेऱ्यांसाठीं केलेलें पातें ३,८०० फेऱ्यांनीं फिरविलें, तर प्रत्येक दांत्याला मुळापासून बाहेर ओढणारा जोर तिप्पट होत नाहीं. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणजे साडेआठपट होतो. असा निसटलेला दांता बंदुकीच्या गोळीप्रमाणें सुटतो, आणि त्याच्या वाटेवर बहुधा कारागिराचा चेहरा असतो.

हातांत धरावयाच्या लहान ग्राइंडरची कथा याहून वेगळी नाहीं. चार इंची ग्राइंडर मिनिटास ११,००० च्या आसपास फेरे घेतो. त्यावरचें संरक्षक झांकण काढून सात इंची चकती बसविली, तर तिच्या कडेचा वेग सेकंदास १०३ मीटरवर जातो. आणि अशा चकत्यांवर छापलेली कमाल मर्यादा सामान्यतः ८० मीटरची असते. झांकण काढल्यावर फुटलेल्या चकतीस अडविणारें कांहींच उरत नाहीं. याच ग्राइंडरला लांकूड कापण्याचें दांतेरी पातें लावणें हा तर आणखी वाईट प्रकार होय. पातें अडकलें कीं यंत्र हातांतून उलटतें, आणि उलटतें तें मांडीकडे किंवा गळ्याकडे. म्हणून चकतीवर छापलेला वेग यंत्राच्या वेगाहून कमी नाहीं ना, हें प्रत्येक वेळीं वाचावें. राळेच्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर तिची मुदतहि छापलेली असते. ओलींत पडलेली, मुदत संपलेली किंवा कड उडालेली चकती फेंकून द्यावी. गळ्यांतील दुपट्टा आणि सैल बाही यंत्रापासून दूर असावी, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर झांकण असावें.

अकोटसारख्या कापसाच्या पेठेंत यांत आणखी एका काळजीची भर पडते. कापसाचा तंतू किती लवकर पेट घेतो हें तेथें कोणास सांगावयास नको. पण त्याचा दुसरा गुण अधिक फसवा आहे. दाबून बांधलेल्या १७० किलोच्या गांठींत ठिणगी शिरली, तर ज्वाला न दिसतां ती गांठ आंतल्या आंत कित्येक दिवस धुमसत राहूं शकते. घर्षक चकतीची ठिणगी पुष्कळ दूर जाते. वेल्डिंग किंवा कापकाम करतांना सभोंवारच्या ३५ फुटांच्या आंत जळाऊ वस्तु असूं नये, असा अमेरिकेंतील अग्निसुरक्षेचा दंडक आहे. भर हंगामांत जिनिंग कारखान्याच्या आवारांत रुईच्या गंजीपासून इतकें अंतर मिळणें कठीण. तेथें शहाणा मार्ग एकच: मापें घेऊन जावें, लोखंड दुकानांत कापावें, भोंकें पाडून आणावें आणि जागेवर नट-बोल्टांनीं जोडावें. जागेवरच कापणें भाग असेल, तर दांतेरी करवत हा दोन संकटांतील धाकटें संकट निवडण्याचा प्रकार झाला. तिचाहि कीस गरम असतो. जमीन झाडून ओली करावी, पाण्याच्या बादल्या हाताशीं ठेवाव्या आणि काम संपल्यावर निदान तासभर एका माणसानें तेथें राखण करावी.

डोळ्यांच्या रक्षणाची तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३५ व्या कलमांत करण्यांत आली होती. परंतु विजेवर चालणाऱ्या ठिकाणीं त्या कायद्याची व्याप्ति सामान्यतः १० कामगारांपासून सुरू होत असे. मालक, एक वेल्डर आणि हाताखालचा पोरगा अशा तिघांचें दुकान तिच्या बाहेरच राहिलें. अशा दुकानांत कारागिराचें रक्षण करते ती तेथील रीत. आणि ती रीत घडविण्यांत गिऱ्हाइकाचा वांटा लहान नसतो. फाटक उद्यांच हवें, आणि शेजारच्या दुकानापेक्षां स्वस्त हवें, असा आग्रह धरणारा गृहस्थ नकळत त्या ग्राइंडरचें झांकण काढावयास सांगत असतो.

म्हणून लोखंडी काम सांगावयास जाणाऱ्यानें भावाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावे: तुकडे कशानें कापणार, आणि कापणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असतो कां? जोडाला रंग लावण्यापूर्वीं एकदां तुकडे उभे करून दाखवा, असें म्हणण्यासहि संकोच करूं नये. सरळ कापलेले दोन तुकडे एकमेकांशीं असे बसतात कीं मधून उजेड दिसत नाहीं. ज्या दुकानदारानें तसे तुकडे दाखविले, त्याला दोन पैसे अधिक द्यावे लागले तरी ते छपराच्या आयुष्यांत आणि हाताखालच्या पोराच्या दहा बोटांत जमा होतात.